सहा खांदे आणि एक हुकूम

फार मागची गोष्ट आहे. किती मागची? तुमच्या खापरपणजोबांच्या खापरपणजोबांना अजून मिसरूड फुटायचं होतं, तेवढी मागची. डोंगराच्या कुशीत एक राज्य होतं. राज्य फार मोठं नव्हतं. राजा एका टोकाला शिंकला तर दुसऱ्या टोकाच्या म्हशी कान टवकारायच्या. पण राजा तो राजाच. त्याला सिंहासन होतं, मुकुट होता, आणि एक दुखरा गुडघा होता. या तिन्हींत गुडघा महत्त्वाचा, तेवढा लक्षात ठेवा. मुकुटाला पुढं काही काम नाही.

पोरांनो, नीट ऐका. पोरांच्या आजोबांनो, तुम्हीही ऐका. तुम्हाला जास्त गरज आहे.

राज्यातून बाहेर पडायला एकच वाट होती, घाटाची. वाट अशी, की घोडा वर जायला कुरकुरायचा, आणि गेलाच तर चार पायांवर खाली यायचा नाही. ज्याला चालवत नाही त्यानं मेण्यात बसायचं. मेणा म्हणजे पडदे लावलेली लाकडी खोलीच म्हणा ना. वर एक लांब दांडी, आणि दांडीखाली सहा भोई. तीन पुढं, तीन मागं.

आता यात एक गोम आहे. पुढच्या तिघांना वाट दिसते. मागच्या तिघांना काय दिसतं? मेण्याचं बूड. पायाखाली दगड आहे की खड्डा, त्यांना काही कळायचं नाही. म्हणून पुढच्यानं हाक द्यायची आणि मागच्यानं पाय सांभाळायचा. ही हाक म्हणजे भोयांचे डोळे.

आणि या हाका होत्या देवांच्या नावाच्या.

दगड आला, की पुढचा म्हणायचा, “भैरोबा.” मागच्यानं पाय उचलायचा. खड्डा आला, की “पीरबाबा.” मागच्यानं ढांग टाकायची. निसरडं आलं, की “आईसाहेब.” अंगठे रोवायचे. फांदी खाली आली, की “मारुती.” दांडी खाली घ्यायची. फांदीला मारुती नाही तर काय, उंदरावर बसणारा गणपती म्हणायचा? आणि कडा आला, खाली नुसती दरी, तर “मौला.” सगळ्यांनी डोंगराच्या बाजूला अंग रेलायचं. दर हाकेला मागून उत्तर यायचं, “सांभाळला.”

ही नावं कुणी ठरवली? कुणीच नाही. कुण्या एका जुन्या भोयाचा पाय खड्ड्यात गेला आणि तोंडातून निघालं, “पीरबाबा.” बरं, हा भोई भैरोबाचा भगत. पण पडणारा माणूस कुठं विचार करून ओरडतो? जे नाव आधी जिभेवर आलं ते ओरडला, आणि वाचला. तेव्हापासून खड्डा पीरबाबांकडं गेला. अशीच एकेक अडचण एकेका देवाच्या वाट्याला आली. देवळातला देव बसलेला असतो, दर्ग्यातला बाबा निजलेला असतो. या घाटात मात्र सगळे उभ्यानं राबायचे, आणि कुरबूर म्हणून कुणी करायचं नाही. कुरबूर करायला माणसं आहेत ना.

पुढच्या तिघांचा म्होरक्या होता म्हाळू. मागच्या तिघांचा म्होरक्या होता दस्तगीर. दस्तगीरचा आजा एका आजारी भोयाच्या जागी एक दिवसापुरता दांडीखाली शिरला होता. तो एक दिवस अजून संपलेला नव्हता. म्हाळू भैरोबाला नारळ फोडायचा, दस्तगीर पीरबाबांना चादर चढवायचा. खोबरं मात्र दोघं मिळून खायचे.

घाटात मेणा वळवायला जागा नव्हती. म्हणून परत येताना मेणा तसाच राहायचा आणि माणसंच तोंड फिरवायची. जाताना म्हाळू पुढं, येताना दस्तगीर पुढं. जाताना म्हाळूनं मौला म्हणायचं, येताना दस्तगीरनं भैरोबा म्हणायचं. तीस वर्षं हे चाललं होतं. तीस वर्षांत घाटात एकही मेणा पडला नाही.

मग दोन शहाण्यांना नवे कान फुटले.

एक होते राजाच्या कुलदैवताचे, सुवर्णनाथाचे पुजारी. ते एकदा घाटातून मेण्यामागं चालत येत होते. येताना पुढं दस्तगीर होता आणि दर दगडाला “भैरोबा, भैरोबा” करत होता. पुजारीबुवा चिडले. “देवाचं नाव दगडाला? आणि तेही याच्या तोंडून?” बुवांच्या देवळातला देवही दगडाचाच होता, पण ते असो.

दुसरे होते मौलवीसाहेब. ते दुसऱ्या एका दिवशी घाटातून जात होते. पुढं म्हाळू होता. तो म्हणाला, “पीरबाबा,” आणि सहाही जणांनी खड्ड्यावरून ढांग टाकली. मौलवीसाहेब तिथंच थांबले. “आमच्या बाबांचं नाव खड्ड्याला? हा सरळ अपमान आहे.”

दोघं दरबारात गेले. हे दोघं एका छपराखाली उभे राहिलेले लोकांनी पहिल्यांदाच पाहिले. आजवर एक आला की दुसरा निघायचा. भांडायचं कारण एकच सापडलं तशी दोघांची मनं जुळली. असं प्रेम मी पुष्कळ पाहिलंय. तुम्हीही पाहिलं असेल, आरशात नका बघू.

राजा गुडघ्याला तेल चोळत बसला होता. तो म्हणाला, “मग करू काय?”

पुजारी म्हणाले, “महाराज, राजमार्ग आपला. राजमार्गावर नावही आपल्याच कुलदैवताचं असावं. एक राज्य, एक वाट, एक नाव.”

राजाला हे वाक्य आवडलं. म्हणायला सोपं होतं आणि दवंडीला छान बसत होतं.

“मौलवीसाहेब, तुमचं काय म्हणणं?”

मौलवीसाहेब म्हणाले, “आमच्या बाबांचं नाव खड्ड्याला नको, एवढंच आमचं म्हणणं.”

“नाही घेणार कुणी,” राजा म्हणाला. “खड्ड्यालाही नाही, आणि वाटेवर दुसऱ्या कशालाही नाही.”

मौलवीसाहेब मुजरा करून निघाले. पायऱ्या उतरल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की आपण मागितलं त्याहून जरा जास्तच मिळालं. पण तोवर दवंडीवाल्यानं डफ गळ्यात अडकवला होता.

हुकूम असा होता: राजमार्गावर भोयांनी फक्त “श्रीमंत सुवर्णनाथ देव प्रसन्न” एवढीच हाक द्यावी, आणि पुरती द्यावी. दुसरं नाव जो घेईल त्यानं दांडी सोडावी आणि भोई आळीतलं घरही सोडावं.

दुसऱ्या दिवशी कारभारी भोई आळीत आला. सहाही भोई अंगणात बसून भाकरी खात होते.

कारभारी म्हणाला, “उठा. सुवर्णनाथाला मानणारे इकडं उभे राहा, पीराला मानणारे तिकडं.”

कुणी उठलं नाही. म्हाळूनं घास गिळला आणि विचारलं, “सायेब, तुमी कंदी मेणा उचललाय?”

“मी कशाला उचलू?”

“मंग तुमास्नी ठावं न्हाई. हितं दोनच जाती हायत.” म्हाळूनं अंगरखा खांद्यावरून खाली ओढला. उजव्या खांद्यावर घट्टा होता, म्हशीच्या खुराएवढा. “हा बघा, म्या उजव्या खांद्याचा. आन् त्यो दस्तगीर, डाव्या खांद्याचा. उजवे इकडं, डावे तिकडं, अशी वाटणी करा. आमी लगी उठतो.”

बाकीचे हसले. कारभाऱ्याच्या कपाळावर आठी आली.

“थट्टा पुरे. दस्तगीर, तू बोल. देवाचं नाव घेणार का नाही? नसशील घेणार तर आज संध्याकाळी घर रिकामं कर. तुझ्या जागी दुसरा येईल.”

दस्तगीरची बायको दारात उभी होती. तिच्या हातात पिठाचा गोळा होता, तो तसाच राहिला. त्या घरात तिची तिन्ही लेकरं जन्मली होती.

दस्तगीरनं हात धुतले. तो म्हणाला, “सायेब, नाव घ्यायचं वाकडं न्हाई मला. भैरोबाचं घेतो, आईसायबाचं घेतो, मारुतीचं घेतो. तुमच्या सुवर्णनाथाचंबी घेईन, कंदी सोनं आडवं आलं तर. पर तेच येकलं घे म्हंता, तिथं आडतंय. सगळ्या वाटंला येकच नाव दिलं, तर मागच्याला काय कळायचं?”

“ते हुकमात लिहिलेलं नाही.”

“म्हनूनच इचारतो.”

म्हाळू उठला. “दस्तगीर दांडी सोडणार आसंल, तर सहाचे सहा सोडणार. लिहून घ्या तुमच्या कागदावर.”

कारभारी जरा घाबरला. कारण दुसऱ्याच दिवशी राजाच्या नातवाचं बारसं होतं, घाटापलीकडच्या गावात, लेकीच्या सासरी. आणि राजाचा गुडघा तुमच्या लक्षात आहे ना?

कारभारी बघतोय तोवर दस्तगीरनं म्हाळूच्या कानात काहीतरी सांगितलं. म्हाळूच्या मिशीखाली हसू आलं. ते त्यानं मिशीखालीच ठेवलं.

“सायेब,” म्हाळू म्हणाला, “जावा, म्हाराजास्नी सांगा. सहाही भोई येतील. हुकूम पाळतील. येक अक्षरबी इकडचं तिकडं हुणार न्हाई.”

इथं एक सांगतो. राज्यकर्त्याला न पाळलेल्या हुकमाची भीती वाटते. खरं तर त्यानं भ्यावं ते पुरता पाळलेल्या हुकमाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मेणा निघाला. आत राजा, जरीचं उपरणं, मांडीवर नातवासाठी चांदीचा खुळखुळा. पुढं डफ घेऊन दवंडीवाला. मागं चालत पुजारीबुवा आणि मौलवीसाहेब, दोघांनाही बारशाचं आमंत्रण होतं. शिवाय हुकूम पाळला जातो का, ते पाहायचं होतं. राजाच्या बाजूनं पाहिलं तर साक्षीला दोघे. भोयांच्या बाजूनं पाहिलं तर गंमत बघायला दोघे.

घाट लागला. पहिला दगड आला.

म्हाळूनं घसा साफ केला आणि संथपणे, एकेक अक्षर तोडत म्हणाला, “श्रीमंत… सुवर्णनाथ… देव… प्रसन्न.”

त्याचं ‘प्रसन्न’ होईपर्यंत मागच्या तिघांचे अंगठे दगडावर आपटले होते. मेणा हेलकावला. आत खुळखुळा वाजला.

मागून दस्तगीर म्हणाला, “सांभाळला न्हाई.”

पुढं गेले. म्हाळू पुन्हा म्हणाला, “श्रीमंत सुवर्णनाथ देव प्रसन्न.”

आता मागच्यांना कळेना. दगड? खड्डा? निसरडं? फांदी? कडा? म्हणून त्यांनी सगळंच केलं. पाय उचलला, ढांग टाकली, अंगठे रोवले, दांडी खाली घेतली आणि डोंगराकडं रेलले, सगळं एकाच दमात. मेण्यात राजा बसल्या जागी नाचला. आतून आवाज आला, “अरे, काय चाललंय?”

“प्रसन्न चाललंय, म्हाराज,” म्हाळू म्हणाला.

पुढची हाक आली. पुजारीबुवांनाही त्या वाटेचं काय माहीत? त्यांनी हाक ऐकून फांदी असेल म्हणून वर पाहिलं आणि गुडघ्याएवढ्या खड्ड्यात उतरले. मौलवीसाहेबांना हसू आवरेना. त्यांनी हात देऊन बुवांना बाहेर ओढलं.

पुढच्या हाकेला मौलवीसाहेब शहाणे झाले होते. खड्डा असेल म्हणून ते खाली पाहत चालले आणि फांदीवर कपाळ आपटलं. टोपी फांदीवर राहिली. ती बुवांनी काढून दिली, फुंकर मारून.

“लागलं का फार?” बुवांनी विचारलं.

“तुमच्या गुडघ्याहून कमी,” मौलवीसाहेब म्हणाले.

आणि मग कडा आला.

घाटाच्या माथ्यावर पन्नास पावलांची एक वाट आहे. एका अंगाला उभा डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी. रुंदी केवढी, तर दोन म्हशी समोरासमोर आल्या तर एकीला माहेरी परत जावं लागेल. त्यात दरीतून धुकं वर आलं. म्हाळूला आपल्या पायाचा अंगठा दिसत होता, त्यापुढं काही नाही. मागच्यांना तेवढाही दिसत नव्हता.

म्हाळू थांबला. त्याच्या चेहऱ्यावरची सगळी गंमत गेली होती.

“खाली ठेवा,” तो म्हणाला. सहाही जणांनी मेणा अलगद जमिनीवर टेकवला.

राजानं पडदा बाजूला केला. “का थांबलात?”

“हुकूम मोडायचा न्हाई, म्हनून.”

“मग पाळा, आणि चला.”

“पाळला तर सहा जण खाली जातील, म्हाराज. सातवे तुमी. अंगठ्याचं समदं मागच्यांनी सोसलं, म्या मज्या केली, कबूल हाय. हितं मज्या न्हाई. हितं मागच्यानं डोंगराकडं रेललं पायजे, आन् ते त्याला कळलं पायजे.”

राजानं खाली पाहिलं. खाली पांढरं धुकं होतं आणि त्याच्या आत कुठंतरी नदीचा आवाज. त्यानं उपरणं घट्ट धरलं.

“मग दे की ती हाक. ती तुमची… कड्याची.”

“कोणची, म्हाराज?”

“ती रे. जुनी.”

“हुकमानं इसरलो. जिबंवरच येत न्हाई. तुमास्नी आठवत आसंल तर सांगा.”

राजाला आठवत होती. लहानपणी आईच्या मांडीवर डोकं ठेवून तो याच मेण्यातून मामाच्या गावाला जायचा. तेव्हा म्हाळूचा बाप पुढं असायचा. भैरोबा, पीरबाबा, आईसाहेब, या हाका ऐकत त्याला झोप लागायची. एकच हाक आली की आई त्याला छातीशी ओढून घ्यायची. ती हाक कशी विसरेल?

“मौला,” राजा पुटपुटला.

“धुकं लई हाय,” म्हाळू म्हणाला. “मागं दस्तगीरला ऐकू जायला पायजे.”

राजानं एकदा पुजाऱ्यांकडं पाहिलं, एकदा मौलवींकडं. दोघंही मेण्याशेजारी डोंगराला पाठ चिकटवून उभे होते. पुजाऱ्यांनी मान हलवली. नाही म्हणून नव्हे, लवकर म्हणा म्हणून.

“मौला,” राजा मोठ्यानं म्हणाला.

मागून धुक्यातून उत्तर आलं, “सांभाळला, म्हाराज.”

मेणा उचलला गेला. पन्नास पावलं. दर दोन पावलांना राजा स्वतः पडद्यातून मान बाहेर काढून “मौला” म्हणत होता, आणि दर वेळी मागून दस्तगीर म्हणत होता, “सांभाळला.” पंधराव्या-विसाव्या हाकेला राजाच्या आवाजाबरोबर आणखी दोन आवाज आले. एक बुवांचा होता. दुसरा मौलवीसाहेबांचा होता. बुवांचा जरा जास्त मोठा होता, त्यांचा गुडघा सुजला होता ना.

तुम्ही म्हणाल, संपली गोष्ट. राजाला अक्कल आली, सगळे सुखी झाले. तुम्ही राजे पाहिले नाहीत फारसे.

घाट उतरला. धुकं मागं राहिलं. समोर सपाट वाट, पुढं गाव, बारशाचे सनई-चौघडे ऐकू यायला लागले. तसा राजाच्या मानेत पुन्हा ताठपणा आला. तो म्हणाला, “म्हाळू, घाटात झालं ते घाटात झालं. माथ्यावर तुम्ही हवं ते ओरडा, मी ऐकलं नाही म्हणेन. पण बाजारात हुकूम तोच. दवंडी दिलेली आहे. माघार घेतली तर माझी शोभा काय राहील?”

म्हाळूनं खांदा बदलला नाही. तो म्हणाला, “खाली ठेवा.”

मेणा पुन्हा जमिनीवर आला. या वेळी जरा जोरात.

“आता काय?” राजा म्हणाला.

या वेळी मागून दस्तगीर पुढं आला. “म्हाराज, घाटात जे नाव घेतलं म्हनून तुमी वाचला, ते नाव बाजारात घेतलं म्हनून माजं घर जायाचं? आसं चोरून घ्यायचं नाव मला नगं. आन् चोरून मोडायचा हुकूमबी नगं.”

“मी सूट देतोय.”

“सूट कशाची? आमी काय चोरी केलीय?”

राजा लाल झाला. “मी सहा नवे भोई आणीन.”

“आना,” दस्तगीर म्हणाला. “जाताना म्हाळू पुढं हुता. येताना पुढं कोन असतंय, ते आठवा, आन् मंग आना.”

सहाही जण वाटेच्या कडेला बसले. म्हाळूनं भाकरीचं फडकं सोडलं. राजानं पाच मिनिटं वाट पाहिली, मग खाली उतरला, आणि चांदीचा खुळखुळा हातात घेऊन गुडघा ओढत चालायला लागला. पुजारीबुवाही लंगडत होते. मौलवीसाहेबांनी एका हातानं बुवांना धरलं आणि दुसऱ्या हातानं राजाला. तिघांची ती वरात पाहून वाटेवरच्या बायकांनी तोंडाला पदर लावले.

राजा पोहोचला तेव्हा आत्याचं बाळाच्या कानात नाव सांगून झालं होतं. पाळणे म्हणून झाले होते. घुगऱ्यासुद्धा संपल्या होत्या. लेक म्हणाली, “बाबा, इतका उशीर?” राजानं खुळखुळा वाजवला. बाळानं जांभई दिली.

राजानं नव्या भोयांची चौकशी केलीच. गावात दांडगे गडी पुष्कळ होते. सहा जण तयार झाले. घाटाच्या तोंडाशी येऊन त्यांनी वर पाहिलं. धुकं होतं.

एकानं विचारलं, “महाराज, हाका कोणत्या द्यायच्या?”

राजा म्हणाला, “एकच. श्रीमंत सुवर्णनाथ देव प्रसन्न.”

“दगडाला?”

“हो.”

“आणि कड्याला?”

राजा गुडघा चोळू लागला. सहाही जण एकेक करून पागोटं सारखं करत घरी गेले.

वाटेच्या कडेला म्हाळू आणि दस्तगीर तसेच बसले होते. दस्तगीर खोबऱ्याचा तुकडा सोलत होता. राजा त्यांच्यापुढं येऊन उभा राहिला.

मग पुजारीबुवांनी घसा खाकरला. “महाराज, दगडाला भैरोबा म्हटल्यानं देव लहान होत नाही, असं मला वाटू लागलंय. माझा गुडघा साक्षीला आहे.”

मौलवीसाहेब कपाळावरचं टेंगूळ चाचपत म्हणाले, “खड्ड्यात पडणाऱ्याला बाबा वाचवत असतील, तर बाबांचं नाव खड्ड्यालाच हवं. उगाच आम्ही मध्ये पडलो.”

“तुमी दोघंबी पडला,” म्हाळू म्हणाला. “म्या सवता आयकलं.”

राजाला हसू आलं. दाबलं, पण आलं. त्यानं दवंडीवाल्याला हाक मारली. तो म्हणाला, “डफ वाजव. माझा हुकूम मी मागं घेतला. घाटातल्या हाका पूर्वी होत्या तशाच राहतील.”

“घाटात, का बाजारातबी?” दस्तगीरनं विचारलं. तो अजून उठला नव्हता.

राजानं एक मोठा श्वास घेतला. “घाटात, बाजारात, आणि माझ्या दारातही. आणि भोई आळीतलं घर ज्याचं आहे त्याचंच राहील.”

“आन् आपल्या गावात हीच दवंडी परत द्यायची,” म्हाळू म्हणाला. “जितं पैली दिली, तितंच.”

“देईन.”

“मंग घ्या खोबरं.” दस्तगीरनं तुकडा मोडला. अर्धा म्हाळूला दिला, अर्ध्याचा अर्धा राजापुढं धरला. राजानं तो घेतला.

डफ वाजला. मेणा उचलला गेला. या वेळी पुढं दस्तगीर होता. पहिला दगड आला तसा तो म्हणाला, “भैरोबा.” मागून म्हाळू म्हणाला, “सांभाळला.” त्यामागून पुजारीबुवांनी पाय उचलला, आणि मौलवीसाहेबांनीही उचलला. कड्यापाशी पोहोचेपर्यंत राजाला मेण्यात झोप लागली होती, लहानपणी लागायची तशी.

गावात पोहोचल्यावर पहिल्यांदा दवंडी दिली होती त्याच चौकात दुसरी दवंडी झाली. दस्तगीरच्या बायकोनं ती दारात उभं राहून पुरती ऐकली, मग आत जाऊन भाकऱ्या थापल्या. आणि पुढं कित्येक वर्षांनी तोच नातू, ज्याच्या बारशाला आजोबा उशिरा पोहोचले, घाटातून मेण्यात बसून आजोळी यायचा. खड्डा आला की तोच भोयांच्या आधी ओरडायचा, “पीरबाबा.” पुजारीबुवांच्या कानावर ते जायचं. त्यांचा गुडघा कायमचा दुखरा राहिला होता, त्यामुळं ते काही बोलायचे नाहीत.

बोध असा: ज्या नावानं मागच्याचा पाय सांभाळला जातो, ते नाव भर बाजारात मोठ्यानं घ्यावं, आणि ते दाबणाऱ्याचा मेणा तिथल्या तिथं खाली ठेवावा.